यंत्र क्र. ४४७१ परत मिळणेबाबत

दिनांक : २४ मार्च २०२५
(लिहून पुरा झाला दि. २८ मार्च रोजी. कारण परिच्छेद ११ मध्ये.)

प्रति,
मा. विभागप्रमुख,
श्वसन उपकरणे विभाग,
जिल्हा आरोग्य विमा कार्यालय,
ब्रेस्तोवाच.

अर्जदार : रादिवोये स्टानिमिरोविच, वय ७३, निवृत्त पाणीमीटर वाचक, राहणार गिरणी रस्ता क्र. १४, दुसरा जिना, तिसरा मजला, घर क्र. ११.

विषय : झोपेत श्वास चालू ठेवणारे माझे जुने, आवाज करणारे यंत्र क्र. ४४७१ आपल्या भांडारातून मला परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. ०७-११२/३, दि. १७ मार्च २०२५.

महोदय,

१. आपले संदर्भीय पत्र मला दि. २१ रोजी पोचले. त्यात कळवले आहे की, दि. ३ फेब्रुवारीस मला देण्यात आलेले नवीन यंत्र (आपल्या कागदांत त्याला सीपॅप म्हणतात, ते नाकात हवेचा दाब सोडते) मी बेचाळीस रात्रींपैकी अडतीस रात्री चार तासांहून कमी वापरले. त्यांपैकी सोळा रात्री वापर शून्य आहे. नळीतून हवा गळते, हीसुद्धा चहाडी यंत्राने आपणहून आपल्याकडे केली आहे. सबब "रुग्णास उपचारात रस नसल्याचे दिसून येते", आणि दि. ३१ मार्चपर्यंत यंत्र जमा न केल्यास ते नेण्यात येईल. पुन्हा हवे असल्यास प्रतीक्षायादी चौदा महिन्यांची आहे. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, आकडे बरोबर आहेत. तक्रार शब्दाबद्दल आहे. माझा श्वास झोपेत तासाला बावन्न वेळा अडकतो आणि यंत्राशिवाय चौदा महिने काढणे म्हणजे मरणाशी जुगार, असे हृदयाच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितले आहे. श्वास घेण्यात मला रस आहे, साहेब. लहानपणापासून आहे.

२. अर्जदाराने सत्तावीस वर्षे या गावातल्या घराघरांतले पाण्याचे मीटर वाचले. आमच्या कामात एक नियम होता, तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता. मीटरवर मागच्या महिन्याचाच आकडा दिसला, म्हणजे वापर शून्य, तर वहीत शून्य लिहून पुढच्या घरी जायचे नाही. दार वाजवायचे. शून्याला तीनच कारणे असतात : माणूस गावाला गेला आहे, मीटर अडकला आहे, किंवा माणूस न्हाणीघरात पडून आहे. तिसरे कारण मला सत्तावीस वर्षांत चार वेळा सापडले. त्यांतले तिघे त्यानंतर कित्येक वर्षे जगले आणि एकाने तर मला दर शरद ऋतूत मिरच्यांची पोती घरपोच दिली. आपल्या कार्यालयाकडे माझी सोळा शून्ये आली. दार कोणी वाजवले नाही. पत्र आले, तेही साध्या टपालाने.

३. आता मूळ प्रकरण. यंत्र क्र. ४४७१ हे मला फेब्रुवारी २०१४ मध्ये मिळाले आणि अकरा वर्षे माझ्या उशाशी चालले. ते मोठे होते, कुरूप होते आणि जुन्या फ्रीजसारखे घरघरायचे. मी श्वास घेतला की त्याचा सूर खाली यायचा, सोडला की वर जायचा. नवीन यंत्र बसवायला आलेला आपला तंत्रज्ञ भला माणूस होता, कॉफी घेतली, बूट दारात काढले. जाताना म्हणाला, "काका, हे इतकं शांत आहे की चालू आहे का बंद हेच कळणार नाही तुम्हाला. आवाज आलाच, तर समजा बिघडलं." आणि ४४७१ काखेत मारून जिना उतरला. मी विचारले, ते कुठे जाणार? म्हणाला, भांडारात. मी खिडकीतून बघत राहिलो, एवढे लिहून ठेवतो.

४. हे यंत्र येण्यापूर्वी त्याचे काम माझी पत्नी देसांका करत असे. माझा श्वास थांबला की ती मोजायची, आणि वीसच्या पुढे गेले की कोपराने बरगडीत ढोसायची. माझ्या डाव्या बरगडीला त्याची सवय होती. यंत्र आले त्या रात्री ती म्हणाली, "झालं बाई माझं काम. आता हा खोकड जागा राहील, मी झोपते." आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला उठली, तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली होती. तोंडावर ती सोंड लावून मी पहिल्यांदा आरशात पाहिले तेव्हा मी कुरकुरलो, की नाकापेक्षा मोती जड आहे. त्यावर तिचे उत्तर होते, "नाक राहिलं तर मोती. घाल गुपचूप." देसांका दि. ९ मे २०२३ रोजी वारली. तेव्हापासून झोपण्याच्या खोलीत तिच्या वेळचा आवाज करणारी एकच वस्तू उरली होती, तिचा क्रमांक विषयात दिला आहे.

५. नवीन यंत्र वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. हवा नीट देते, मुखवटा मऊ आहे, नाकाला व्रण पडत नाही. पण ते अजिबात बोलत नाही. पहिल्या रात्री मी दिवा मालवला आणि मला कपाट ऐकू आले. कपाट बोलते, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हते. मग नळ, मग घड्याळ, मग खाली कुणीतरी खोकले. रिकामे घर खायला उठते म्हणतात, ते मी लोकांच्या तोंडून ऐकले होते. त्या रात्री ते माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसले. मुलगा परदेशात, लिंझला असतो. रविवारी फोन करतो, आणि फोनवर मी ठीक असतो.

६. येथे शेजारच्या घर क्र. १२ मधील श्रीमती स्पासेनिया योकोविच, वय ७१, विधवा, यांचा उल्लेख करणे भाग आहे. आमच्या पलंगांमध्ये एका विटेची भिंत आहे. बाई स्वभावाने तिखट, हाताने सुगरण. नऊ वर्षे आमचे बोलणे बंद होते. कारण जिन्यातली खिडकी. मी ती उघडत असे, कारण जिन्यात बुरशी येते. त्या ती बंद करत असत, कारण झोत लागतो. आपण दोघेही सर्बियातच वाढलो आहोत, तेव्हा दोन उघड्या खिडक्यांमधून वाहणारा वारा माणसाचे काय करतो याबद्दल आपल्याकडच्या बायकांचे मत मी आपल्याला सांगायला नको. एकदा त्यांनी खिडकीला दोन खिळे ठोकले. मी ते उपटले. तेव्हा त्या जिन्यात उभ्या राहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "उघड, उघड! उद्या बायको वारा लागून मेली, की बस उघड्या खिडकीशी एकटा." देसांका स्वादुपिंडाच्या रोगाने गेली, वाऱ्याने नव्हे, आणि त्यानंतर सात वर्षांनी गेली. मला हे ठाऊक आहे. तरी ते वाक्य माझ्या घशात हाडासारखे अडकून राहिले. अंत्यविधीला त्या आल्या होत्या, मागे उभ्या होत्या, मेणबत्ती लावली आणि गेल्या. मी मान हलवली नाही.

७. दि. ५ फेब्रुवारी, म्हणजे नवीन यंत्राची दुसरी रात्र उलटल्यानंतरची सकाळ, साधारण सव्वासहा. मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो होतो. कशाने तरी डोळे उघडले. माझ्या तोंडाच्या वर मधमाश्यांच्या मेणाची पिवळी मेणबत्ती जळत होती. ती श्रीमती स्पासेनिया यांच्या उजव्या हातात होती. डाव्या हातात त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली होती, जी देसांकाने फुलझाडांना पाणी घालण्यासाठी त्यांना कधीकाळी दिली होती आणि परत मागायचे मला कधी सुचले नाही. अंगावर झोपण्याचे कपडे, त्यावर ओव्हरकोट, डोक्याला काळा रुमाल. ओठ हलत होते. दोन रात्री भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली नाही, सबब त्यांनी काढायचा तो निष्कर्ष काढला होता. मेणबत्तीशिवाय माणसाचे जाणे ही आपल्याकडे केवढी नामुष्कीची गोष्ट आहे, हे साहेबांना माहीत आहेच. त्याची वाट पलीकडे अंधारात जाते. मी उठून बसलो. त्या किंचाळल्या. मेणबत्ती नळीवर पडली. नळीला भोक पडले ते असे. आपल्या यंत्राने गळती कळवली, पण कशामुळे ते कळवले नाही, कारण यंत्राला मेणबत्ती कळत नाही.

८. त्यानंतरचे संभाषण मी जसेच्या तसे नोंदवतो, कारण नऊ वर्षांतले ते पहिले होते. त्या म्हणाल्या, "मेल्या! जिवंत आहेस होय!" मी म्हणालो, आहे. त्या म्हणाल्या, "मग आवाज का करत नाहीस? लाज नाही वाटत? मी तुझ्या नावाने गहू भिजत घातला रात्री!" आणि खुर्चीत बसून रडू लागल्या. मी त्यांना पाणी दिले. शत्रूसाठी मेणबत्ती कशाला आणली, असे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "शत्रू असशील माझा. पण अंधारात धाडायला तू काय माझा वैरी आहेस?" या वाक्यात तर्क शोधण्याचा मी प्रयत्न केला नाही. मृताच्या आत्म्यासाठी शिजवतात तो गहू वाया जाऊ नये म्हणून त्याच दुपारी अक्रोड आणि साखर घालून त्या घेऊन आल्या. स्वतःच्या नावाचा गहू खाणारा या जिल्ह्यातला बहुधा मी एकटाच. चव चांगली होती.

९. नळीला मी विजेच्या तारांची काळी पट्टी गुंडाळली. आपल्याला कळवले नाही, ही माझी चूक. कळवले असते तर स्पासेनियाबाईंचे नाव येऊन त्यांच्यावर घरात शिरल्याचा ठपका आला असता. पण खरा प्रश्न नळीचा नव्हताच. त्यांनी मला स्वच्छ सांगितले, "अकरा वर्षं मी तुझ्या त्या घरघरीवर झोपले. ती नसली तर माझा डोळा लागत नाही. पडल्या पडल्या वाटतं, गेला, गेला, आता गेला." मी उपाय केले. रेडिओ लावला. त्या म्हणाल्या, "रेडिओ काय, मेलेल्याच्या घरातही वाजतो." धूळ ओढायचे यंत्र चालू ठेवले, तर खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. शेवटी दि. ८ फेब्रुवारीपासून मी, कधी पहिल्यापासूनच तर कधी तास-दोन तासांनी, मुखवटा काढून झोपू लागलो. मुखवटा नसला की मी घोरतो, आणि माझे घोरणे भिंत काय, रस्ता ओलांडते. त्या ऐकतात आणि झोपतात. माझा श्वास अडकला की त्या जाग्या होतात आणि भिंतीवर तीनदा ठोकतात, मग मी जागा होतो आणि श्वास घेतो. आपली सोळा शून्ये आणि बाकीचे अर्धेमुर्धे आकडे ते हे.

१०. याचा परिणाम असा झाला की, साहेब, शासनाच्या यंत्राचे काम एकाहत्तर वर्षांची बाई हाताने करते आहे. त्यांच्या डोळ्यांखाली काळे झाले आहे. मागच्या मंगळवारी कॉफीचे भांडे गॅसवर ठेवून खुर्चीत झोपल्या, भांडे जळून कोळसा झाले, जिनाभर धूर. शुक्रवारी पावाच्या दुकानात रांगेत उभ्या उभ्या डुलकी लागली आणि पुढच्या बाईच्या पाठीवर डोके टेकले. मी चिंतेत आहे. तरी विनंती की, यंत्र क्र. ४४७१ आपल्या भांडारात विनावापर पडून असल्याने ते मला परत देण्यात यावे, म्हणजे ते घरघरेल, मी श्वास घेईन आणि श्रीमती स्पासेनिया झोपतील. नवीन यंत्र एखाद्या तरुण रुग्णाला द्यावे, ज्याच्या घरात दुसरे आवाज आहेत.

११. वरील परिच्छेद १० मी बुधवार दि. २६ रोजी दुपारी लिहिला. टेबल झोपण्याच्या खोलीत भिंतीला लागून आहे. चार ते सहा आमच्या इमारतीत विश्रांतीची वेळ असते, तशी पाटी खाली दारात आहे, आणि त्या वेळात सगळा जिना चिडीचूप असतो. "आवाज आहेत" हे शब्द लिहून मी पेन उचलले तेव्हा भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज आला. माझा नव्हता, कारण मी जागा होतो. जाडसर, ओला, चढत जाणारा. मला हसू आले. बायका घोरत नाहीत असे ही बाई चाळीस वर्षे सांगत आली आहे. मग तो आवाज थांबला. मी हसायचा थांबलो. हे असे थांबणे मला ओळखीचे आहे, साहेब. मी ते स्वतः कधी ऐकले नाही, पण देसांकाने मला इतक्या वेळा करून दाखवले होते की चुकणे शक्य नाही. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. चोवीस सेकंद. मग एक हुंदक्यासारखी ओढ, पुन्हा घोरणे, पुन्हा शांत. एकतीस. पुढच्या वेळी बत्तीसपर्यंत धीर धरला. आकडा चाळीसवर गेला. मी पेनाच्या बुडाने भिंतीवर तीनदा ठोकले.

१२. पलीकडून मोठ्ठा श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा, "काय आहे रे मीटरवाल्या?" माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, काही नाही, झोप. त्या म्हणाल्या, "मग ठोकतोस कशाला? विश्रांतीची वेळ आहे, पाटी वाचता येत नाही?" मी ती संपूर्ण दुपार आणि पुढची दुपार वहीत नोंदी केल्या, वेळ आणि सेकंद, जशा मीटरच्या करायचो. वहीची पाने सोबत जोडली आहेत. वहीतून जे दिसते ते असे : पावाच्या दुकानातली डुलकी, जळलेले भांडे, डोळ्यांखालचे काळे, हे सगळे माझ्यामुळे नाही. निदान माझ्या एकट्यामुळे नाही. बाईंना स्वतःला माझाच रोग आहे, किती वर्षे ते देव जाणे. आणि अकरा वर्षे एका विटेच्या पलीकडे त्या अशा अडकत होत्या आणि मला ऐकू आले नाही, कारण माझ्या उशाशी क्र. ४४७१ घरघरत होते. मी त्या यंत्राला जीव लावून होतो. त्याने मला देसांकाची सोबत दिली आणि बाकी सगळे जग बंद केले.

१३. त्यामुळे परिच्छेद १० रद्द समजावा. तो मी फाडलेला नाही. वहीत आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही, खालचे वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा, अशी आमच्या कामाची शिस्त आहे. त्यानुसार विषय आणि परिच्छेद १० यांवर एकेक रेघ मारली आहे. शिस्तीचीच गोष्ट निघाली म्हणून परिच्छेद ९ मध्येही एक दुरुस्ती करतो. मी मुखवटा काढत होतो तो बाईंना झोप लागावी म्हणून, असे मी लिहिले आहे. ते अर्धे खरे आहे. खरे कारण असे की मला ती टकटक हवी होती. दोन वर्षांत माझ्या श्वासाकडे कोणाचे लक्ष नव्हते, साहेब. रात्री भिंतीवर तीनदा वाजायचे आणि मी अंधारात डोळे उघडून पडायचो, आणि मला वाटायचे, आहे, कोणीतरी आहे, मोजतेय. त्यासाठी मी आपल्या चार तासांवर पाणी सोडले. लाज वाटते, पण नोंद खरी असावी.

१४. काल दि. २७ रोजी मी घर क्र. १२ मध्ये जाऊन श्रीमती स्पासेनिया यांना वही दाखवली. उपवासाचे दिवस म्हणून बिनतेलाच्या राजम्याची ताटली त्यांनी आधी पुढ्यात ठेवली आणि मग भांडण केले. त्यांचे म्हणणे क्रमाने : "मी घोरत नाही." "घोरले असेन एखाद्या वेळी, सर्दीने." "माझे श्वास मोजायला तुला कोणी नेमलंय, सरकारने?" मी म्हणालो, तुला कोणी नेमलं होतं? यावर त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक पळी राजमा वाढला. मग यंत्राबद्दल विचारले. मी सांगितले की रात्रभर नळीतून नाकात हवा येते. त्या उठून उभ्याच राहिल्या. "वारा? आयुष्यभर मी झोतापासून पळाले आणि आता तो नळी लावून नाकात घेऊ? अरे माझी मान राहील का जाग्यावर?" या मुद्द्यावर पाऊण तास गेला. शेवटी निद्रा तपासणीस जाण्याची त्यांनी लेखी संमती दिली, एका अटीवर, की जिन्यातली खिडकी कायमची बंद राहील. आज सकाळी दोन खिळे मी स्वतः ठोकले. त्या मागे उभ्या राहून "तिरका गेला" म्हणत होत्या. तिरका गेला नव्हता.

१५. तरी आता माझ्या सुधारित विनंत्या खालीलप्रमाणे आहेत. नवीन यंत्र माझ्याकडेच राहू द्यावे आणि भोक पडलेल्या नळीच्या जागी नवी नळी मिळावी. ते शांत आहे याबद्दलची माझी तक्रार मी पूर्णपणे मागे घेतो. ते शांत आहे म्हणूनच मला ऐकू येते. श्रीमती स्पासेनिया योकोविच यांची तपासणी चौदा महिन्यांनी नव्हे तर लवकरात लवकर व्हावी, कारण वहीच्या दुसऱ्या पानावर शेवटचा आकडा बावन्न सेकंद आहे, आणि माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना हा आकडा मी फोनवर सांगितला तेव्हा त्यांनी तो मला दोनदा सांगायला लावला. तपासणी होईपर्यंत आम्ही पाळ्या लावल्या आहेत : रात्री दोनपर्यंत त्या झोपतात आणि मी भिंतीशी बसून ऐकतो, त्यानंतर मी मुखवटा लावून झोपतो आणि त्या उठून विणत बसतात. परिणामी माझे तास याही महिन्यात कमी भरतील. तो उपचारात रस नसल्याचा पुरावा समजू नये.

१६. शेवटची विनंती नियमात बसत नसेल, तरी माझ्या फाइलवर पेन्सिलीने का होईना, लिहून ठेवावी. यापुढे माझ्या यंत्राकडून आपल्याला शून्य आले, किंवा देवाच्या कृपेने त्यांना यंत्र मिळाल्यावर त्यांच्याकडून आले, तर पत्र पाठवू नये. कोणालातरी धाडावे आणि दार वाजवावे. मी उघडले नाही, तर माझी किल्ली क्र. १२ मध्ये आहे. त्यांनी उघडले नाही, तर त्यांची किल्ली कालपासून माझ्याकडे आहे. दोघांनीही उघडले नाही, तर जोरात वाजवावे, कारण बहुधा आम्ही दोघेही झोपलेलो असू, आणि इतक्या दिवसांनी.

आपल्या उत्तराची नव्हे, दारावरच्या थापेची वाट पाहणारा,

रादिवोये स्टानिमिरोविच
(सही)
ब्रेस्तोवाच, दि. २८ मार्च २०२५

सोबत :
१. नळीचा भोक पडलेला तुकडा. उरलेली नळी काळ्या पट्टीने जोडून वापरात आहे.
२. हृदयाच्या डॉक्टरांचे पत्र.
३. श्रीमती स्पासेनिया योकोविच यांच्या श्वासाच्या नोंदी, दि. २६ व २७ मार्च, माझ्या हस्ताक्षरात, दोन पाने.
४. श्रीमती योकोविच यांचे संमतीपत्र, खिडकीच्या अटीसह.
५. मेणबत्ती पुरावा म्हणून जोडलेली नाही. दोन घरांत मिळून ती एकच आहे, आणि दोघांपैकी जो मागे राहील त्याला लागेल.